त्रेचाळीस चुकांचा अंक

माझं नाव विचाराल तर मला आकडाच सांगावा लागेल. मी एक्केचाळीस. 'दूरयान' या चित्रकथेचा एक्केचाळिसावा अंक. पानं बत्तीस, पिना दोन, आणि मुखपृष्ठावर हिरवा जाळ ओकणारी एक भलीमोठी तोफ.

आमच्या घराण्यात पहिल्यांदा सिनेमा जन्माला आला. सिनेमा चालला म्हणून टीव्हीवर मालिका आली. मालिका चालली म्हणून खेळणी आली, दप्तरं आली, चादरी आल्या. त्या चादरींच्या मागून आम्ही आलो. म्हणजे मानपानात आमचा नंबर उशीच्या अभ्र्यानंतरचा. अशा घरात जन्मलेल्याने फार ताठ मानेने चालू नये, हे मला शाई वाळायच्या आतच कळलं होतं.

मला दोघांनी घडवलं. एक चित्रकार बाई आणि तिचा धाकटा भाऊ. चित्रं बाईंची. गोष्ट भावाची, आणि बोलण्याच्या फुग्यांमधली अक्षरंही त्याच्याच हातची. सायकलच्या दुकानावरच्या खोलीत दोघं समोरासमोर बसून काम करायची. सिनेमावाल्या कंपनीकडून पत्र यायचं, त्यात अटी असायच्या. माझ्या वेळी दोन अटी होत्या. नवी खेळण्यातली तोफ बाजारात येणार होती, म्हणून नऊ पानं तोफेची लढाई हवी. आणि यानाचा कप्तान प्रत्येक पानावर दिसला पाहिजे.

"पण आपल्या गोष्टीत कप्तान नाहीच आहे," भाऊ म्हणाला.

बाईंनी पेन्सिलीला टोक करता करता विचार केला आणि प्रत्येक पानावर, गोष्टीतल्या खोलीच्या भिंतीवर, कप्तानाचं चित्र असलेलं कॅलेंडर टांगलं. कंपनीची हरकत आली नाही.

गोष्ट होती एका रेडिओवालीची. दूरच्या एका निर्जन ठाण्यावर तिला एकटीला ठेवलेलं असतं. तिला न्यायला येणारं यान येत नाही. महिन्यांमागून महिने जातात, वर्षं जातात. ती रोज एक संदेश लिहून पाठवते. उत्तर येत नाही, तरी पाठवते. मध्येच नऊ पानं तोफ गरजते, ती भरती आहे हे मी आधीच कबूल करून टाकतो.

छापून झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मला एका बारा वर्षांच्या पोराने विकत घेतलं. आता तो पोर चाळिशीला आला आहे, इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो आणि काठीसारखा बारीक आहे. पण त्याची आत्या त्याला अजून ढब्बूच म्हणते, तेव्हा मीही तेच म्हणतो.

ढब्बूला आत्यानेच वाढवलं. आत्या एका छापखान्यात प्रुफं वाचायची. छत्तीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. शब्दकोश, कायद्याची पुस्तकं, औषधांच्या चिठ्ठ्या, लग्नाच्या पत्रिका, सगळं तिच्या पेन्सिलीखालून गेलं. मी यायच्या आदल्या आठवड्यात ढब्बूची परीक्षा तोंडावर होती आणि पठ्ठ्या भूगोलाच्या पुस्तकात 'दूरयान' ठेवून वाचताना सापडला. आत्याने पहिल्या अंकापासून चाळिसाव्यापर्यंतचा गठ्ठा उचलला आणि रद्दीत देऊन टाकला. ढब्बू रडला नाही. तो जेवला, अभ्यासाला बसला, पास झाला. पण तो गठ्ठा त्याच्या मनातून काही गेला नाही.

मला त्याने लपवून आणलं आणि एकदा वाचलं, तेही घाईघाईने, तोफेसाठी. मग प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि तोंड चिकटवून टाकलं. मोठेपणी त्याने हुडकून हुडकून आधीचे चाळीस अंक पुन्हा गोळा केले. तेही पिशव्यांत गेले. कपाटाला कुलूप लागलं. पाहुणे आले की तो कपाट उघडून दाखवायचा आणि पाहुण्यांचे हात धुतलेले असले तरी मधे उभा राहायचा.

सत्तावीस वर्षं मी त्या पिशवीत होतो. कोपरे शाबूत, रंग शाबूत, तब्येत ठणठणीत. पण खरं सांगू का, लोणच्याची फोडसुद्धा कधीतरी बरणीबाहेर येते.

आत्याच्या घरातले पाण्याचे नळ बदलायला काढले म्हणून ती महिनाभर ढब्बूकडे राहायला आली. आणि आल्याच्या तिसऱ्या दिवशी चष्म्यावर बसली. ढब्बूची बायको चष्म्याच्याच दुकानात काम करते. ती म्हणाली, "आत्या, नवीन काचा यायला चार दिवस लागतील. तोवर जुना चष्मा वापरा."

"जुन्याने बारीक अक्षर दिसत नाही गं. चार दिवस काय भिंती वाचू?"

भाचेसुनेने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. घरात मोठ्या अक्षरातलं एकच काही होतं. किल्ली कुठे असते ते तिला ठाऊक होतं. तिने कपाट उघडलं, समोर आला तो अंक ओढला, आणि तो मी होतो.

"हे त्याचं आहे," आत्या म्हणाली.

"सांभाळून वाचा म्हणजे झालं. मी सांगते त्यांना." आणि ती कामावर गेली.

पिशवी फाटल्याचा आवाज मला अजून आठवतो. आत्याने मला उघडलं, पहिलं पान वाचलं आणि तिचा हात आपसूक कानामागच्या पेन्सिलीकडे गेला. तिचा तरी काय दोष? छत्तीस वर्षांची खोड. सातव्या पानावर 'मी' ऐवजी 'मि' होतं, तिने दुरुस्त केलं. नवव्यावर अनुस्वार नव्हता, तिने दिला. समासात खुणा पडत गेल्या. मला गुदगुल्या होत होत्या. शेवटी तिने मोजलं. त्रेचाळीस.

"लाज आहे का छापणाऱ्यांना," ती पुटपुटली. पण मिटताना तिने मला पटकन बाजूला ठेवलं नाही. थोडा वेळ मांडीवर तसंच धरून बसली.

ढब्बू संध्याकाळी घरी आला, हातावर ग्रीस, खांद्याला पिशवी. टेबलावर मी उघडा होतो. त्याने एक पान उलटलं, दुसरं उलटलं.

"कोणी लिहिलं यात?"

"मी," आत्या म्हणाली. "पेन्सिलच आहे. खोडता येईल."

तो आवाज चढवत नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तू पुन्हा तेच केलंस."

"काय पुन्हा?"

"माझं होतं, आणि तू न विचारता हात लावलास."

बायकोने सांगायचा प्रयत्न केला की कपाट तिने उघडलं होतं. त्याने ऐकून घेतलं आणि तो आंघोळीला गेला. त्या दिवशी जेवताना पाणी दे, मीठ दे, यापलीकडे कोणी काही बोललं नाही. सत्तावीस वर्षांत त्या गठ्ठ्याचा विषय त्या घरात पहिल्यांदाच निघाला होता, आणि तोही अर्धाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढब्बू चहा न घेता कामावर गेला. आत्या खोडरबर घेऊन बसली. खोडायचं म्हणून तिने शेवटून सुरुवात केली. शेवटच्या पानावर खूण नव्हती. त्याच्या आधीच्या पानावर एक. त्याआधी सहा. त्याआधी अकरा. तिचा हात थांबला.

छापखान्यातल्या चुका अशा रांगेत येत नाहीत, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तिने खोडरबर बाजूला ठेवलं आणि मला पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. या खेपेला बोट ठेवून.

रेडिओवालीच्या संदेशांमध्ये आधी ऱ्हस्वदीर्घ चुकतात. बोलायला माणूस नाही, सवय सुटत चालली आहे. काही पानांनी अनुस्वार जातात. मग वेलांट्या जातात, मग मात्रा. पंचविसाव्या पानावर भिंतीच्या कोपऱ्यात ती गुडघे पोटाशी घेऊन बसली आहे आणि संदेशात फक्त इतकंच उरलं आहे: 'म इथ आह.' सव्विसाव्यावर रेडिओतून कोणाचा तरी आवाज येतो. आणि मग एकेक वेलांटी, एकेक मात्रा परत यायला लागते.

मला हे पहिल्यापासून माहीत होतं. पण अंकाने स्वतः कसं सांगावं? कोणीतरी वाचावं लागतं.

आत्याने जुना चष्मा काढून डोळे पुसले. मग संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत बसली.

ढब्बू आल्याबरोबर ती म्हणाली, "हात धू आणि बस. तुला काहीतरी दाखवायचंय."

त्याने हात धुतले. तिने त्याला सातव्या पानापासून नेलं. ती बोट ठेवायची, तो बघायचा. पंचविसावं पान आलं तेव्हा त्याने तो संदेश स्वतः बोट ठेवून वाचला.

"मला वाटायचं, छपाई वाईट आहे," तो म्हणाला.

"मलाही तेच वाटलं. छत्तीस वर्षं प्रुफं वाचून मला तेच वाटलं."

मग ती म्हणाली, "ढब्बू, मी आयुष्यात एक पान न वाचता पुढे सोडलं नाही आणि न वाचता परतही पाठवलं नाही. तो गठ्ठा मात्र मी न वाचता दिला. वाचून दिला असता तर गोष्ट वेगळी. चुकलं माझं."

ढब्बूने माझा कोपरा उगाच सरळ केला. "परीक्षा होती माझी," तो म्हणाला.

"परीक्षा होतीच. तरी चुकलं."

तो उठला, कपाटाकडे गेला आणि पहिला अंक घेऊन आला. पिशवीचं तोंड त्याने स्वतः कात्रीने कापलं. "पहिल्यापासून वाच. मधूनच वाचलंस तर कळत नाही."

"पेन्सिल चालेल?"

त्याला जरा जड गेलं. पण म्हणाला, "हळू दाब."

महिना संपला, नळ बदलून झाले, तरी आत्या गेली नाही. 'दूरयान' संपायचं होतं ना. मग ती मला वाचनालयाच्या वाचक मंडळात घेऊन गेली. तिथे दर महिन्याला एका पुस्तकावर चर्चा होते आणि एक निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष असतात. त्यांनी मला दोन बोटांनी उचललं, मेलेला उंदीर उचलावा तसं.

"बाई, ही पुस्तकं खेळणी विकायला काढतात. यावर आम्ही दोन तास घालवायचे?"

"खेळणी विकायलाच काढली आहेत, खरं आहे," आत्या म्हणाली. "कशासाठी काढलं ते मुखपृष्ठावर कळतं. काय काढलं ते आत गेल्यावर. तुम्ही आरोपीचे कपडे बघून निकाल देत होता का?"

मंडळी हसली. न्यायाधीशही हसले, जरा उशिरा. मग आत्या उभी राहिली आणि माझी अशी काही चिरफाड केली की विचारू नका. तोफेची नऊ पानं कशी फुकट आहेत, तेराव्या पानावर रेडिओवालीचा हात कसा उलटा काढला आहे, शेवट कसा चार चौकटी आधीच व्हायला हवा होता. कोपऱ्यात बसलेला ढब्बू ताडकन उठला आणि तोफेची बाजू घेऊन भांडू लागला. तोफेच्या गोंगाटानंतरच ठाण्यावरची शांतता अंगावर येते, असं त्याचं म्हणणं. आत्या म्हणाली, त्याला दोन पानं पुरली असती. भरल्या सभेत आत्याभाचे भांडत होते आणि बाकीचे माना इकडून तिकडे फिरवत होते. दोन तास कुठे गेले कळलं नाही.

न्यायाधीशांनी मला घरी नेलं. आठ दिवसांनी परत केलं तेव्हा आत एक चिठ्ठी होती: 'पान १३, हात उलटा आहे, मान्य. तोफेबाबत भाच्याचं म्हणणं पटलं. पान २५ तीनदा वाचलं.'

मला तुम्ही आजवर काय काय म्हटलं नाही? उनाडांचं वाचन म्हटलं, संग्रहातला दागिना म्हटलं. कुणी फेकलं, कुणी पूजेत बसवल्यासारखं बसवलं. पण माझा तेराव्या पानावरचा हात उलटा आहे हे सांगणारं माणूस मला भेटायला सत्तावीस वर्षं लागली. त्या दिवशी मला जो मान मिळाला तो प्लास्टिकच्या पिशवीत नव्हता.

आता मी वाचनालयातच असतो. ढब्बूनेच ठेवलं. माझी एक पिन निसटली आहे, मुखपृष्ठ सुटायला आलंय, मागच्या पानावर कोणाच्यातरी कपाचा गोल उमटलाय. माझ्या शेजारी जाडजूड चरित्रं आणि कवितासंग्रह उभे आहेत. सुरुवातीला त्यांनी जरा अंग चोरलं, आता बोलतात.

कधी तुमच्या हातात आलो तर माझी बाजू घेऊ नका. घराणं पाहू नका, आणि दयाही दाखवू नका. बत्तीस पानं आहेत, तेवढी बसून वाचा. आणि आवडलो नाही, तर कुठल्या पानावर ते सांगा.