भोंग्याची सुलट बाजू

धाकट्याने हाती घेतलेले कोणतेही काम त्याच्या एकट्याचे असे कधी राहिलेच नव्हते. लहानपणीचा पतंग असो की शिवणकामाच्या दुकानाची पाटी, काम अर्ध्यावर आले की थोरला भाऊ मागून येई, "दे इकडे" म्हणे आणि ते पुरे करून टाकी. तेही इतके नेटके की तक्रारीला तोंड उरू नये. दादाचा त्याच्यावर जीव होता, आणि तो जीव हातांवाटे बाहेर पडे.

त्यामुळे दादाच्या जुन्या रेडिओचा भोंगा मी करून देतो, असे शब्द धाकट्याच्या तोंडून निघाले तेव्हा पहिला दचकला तो स्वतःच.

रेडिओदुरुस्तीचे दुकान बंद केल्यावर दादाने तो रेडिओ हौसेने मिळवला होता. यंत्र ठणठणीत होते, पण आवाज बाहेर आणणारा पत्र्याचा भोंगा गंजाने खाल्लेला. मान बगळ्यासारखी वाकलेली, तोंड ताटाएवढे. तसा पत्रा वळवून देणारा कारागीर काही सापडेना. धाकट्याने त्या गंजक्या सांगाड्याला कागद लपेटून मापे घेतली. जाड कॅनव्हासच्या कळ्या, म्हणजे निमुळत्या पट्ट्या, कापून एकमेकींना शिवायच्या आणि सरस पाजून कडक करायच्या, असा त्याचा बेत होता. शेवटी बाहीच ती, फक्त तिच्यात हात नव्हता. अट एकच: पुरा होईपर्यंत दादाने हात लावायचा नाही.

"एक खिसाही ठेवा भावोजी," वहिनी म्हणाली. "यांच्या चष्म्याची सोय होईल."

भोंगा झाला, रेडिओवर चढला. निवेदिका बोलू लागली खरी, पण ओठांवर वाळके पान धरून बोलावे तशी; प्रत्येक शब्दामागे फरफर. दादाचा हात पुढे आलाच. भोंगा उसवू, आतून पत्र्याच्या पट्ट्या देऊ, उद्या संध्याकाळी तयार, असे त्याने सांगूनही टाकले. ते बरोबरच असणार होते. दादाचे नेहमीच असे. धाकट्याने भोंगा पोटाशी धरला.

"नको, दादा. माझ्या हातून बिघडलाय, तर नीटही माझ्याच हातून होऊ दे."

कप पुसणारी वहिनी थबकली. दादा "बरं" म्हणाला, आणि रिकामा हात कुठे ठेवावा हे न सुचून त्याने तो खिशात घातला. जिना उतरताना धाकट्याला ते "बरं" फार लागले. आपण काही मागून घेतले, की हिसकावून?

आपल्या दुकानात येऊन त्याने भोंग्यात हात घातला आणि बोटे मानेशी जाताच थांबली. तिथवर सरसाचा ब्रश पोचलाच नव्हता. शिवणीच्या मोकळ्या कडा मऊच राहिल्या होत्या आणि आवाजाच्या वाऱ्याने फडफडत होत्या. तो एकटाच हसला. उभा जन्म त्याने शिवणी आत दडवल्या होत्या, जगाला स्वच्छ बाजू दिसावी म्हणून. पण आवाजाला बाहेरच्या बाजूचे काय कौतुक? त्याने नव्याने कळ्या कापल्या, कडा बाहेर काढल्या, त्यांवर फीत चिकटवली, वरून काळा रंग दिला. आतली बाजू गालासारखी गुळगुळीत उतरली.

"शिवण बाहेर?" भोंगा पुन्हा घरी आला तेव्हा दादाने भुवया उंचावल्या.

"भोंग्याची सुलट बाजू आतली असते."

दादाने भोंग्याच्या तोंडातून हात घालून मानेपर्यंत फिरवला. मग त्याने विचारले, "तोंड कुठे करायचं? खिडकीकडे की दाराकडे?"

असे त्याने धाकट्याला आजवर काहीच विचारले नव्हते.

"तुझ्या खुर्चीकडे," धाकटा म्हणाला.

निवेदिकेचा आवाज स्वच्छ, भरदार आला. खोलीतच कुणी येऊन बसावे तसा. हवामान झाले, बाजारभाव झाले, पुढे कुणी बासरी घेतली. दादा ऐकत होता आणि त्याचे हात मांडीवर नुसते पडून होते. ते असे निवांत धाकट्याने कधी पाहिलेच नव्हते. म्हणून त्यांवरच्या शिरा इतक्या वर आल्या आहेत, हेही त्याला आजच दिसले. त्याला सुख झाले आणि त्या सुखाच्या तळाशी काहीतरी हलकेच दुखले.

वहिनी चहा घेऊन आली. "स्क्रू ड्रायव्हर हवाय का हो?" तिने नवऱ्याला मुद्दाम विचारले.

"कशाला?" दादा डोळे न उघडता म्हणाला. "ऐकू दे गं. चांगला झालाय."