सहा हजार किलोमीटरवरचं बाळंतपण

म्युनिकच्या डॉक्टरीणबाईंनी मोनिकाला विमानात बसायची मनाई केली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत त्या बाईंना कोण सांगणार? मोनिका तिकडं नर्स, जावयाला आई नाही, दिवस भरायला दोन महिने. मिरजगावात तिच्या आईनं, लंकाबाईनं, डिंक, खारीक, अळीव पिशवीत भरलं, एसटी धरली आणि नगरला सावेडीत थोरल्या लेकाच्या, आदिनाथच्या फ्लॅटवर येऊन बसली.

"पार्सल करू," आदिनाथ म्हणाला.

"डिंकाचं करशील. माझं कसं करशील?"

तो हसला. आई हसत नाही हे बघून त्यानं मोबाईल काढला. "मुंबई ते म्युनिक, सहा हजार तीनशे किलोमीटर. सलग नऊ तास हवेत. तुझे गुडघे, तुझी शुगर. आणि तिथं तुझं बोलणं कुणाला कळणार?"

"पोरीला कळंल. दाखव बरं."

आकडे ती ऊसतोडीला असताना वजनकाट्याच्या पावत्या बघून शिकलेली. तिनं विमानाच्या वेळेवर बोट ठेवलं. "एकला निघतंय, सकाळी सहाच्या आत पोचतंय. पाच तास बी न्हाईत. वरचे चार मला भ्या घालायला लावलेस व्हय?"

"आई, त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं."

"असू दे. तुझे नऊच धर." तिनं मोबाईल परत दिला. "कर्नाटकातल्या फॅक्टरीला आमी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गेल्तो. वर खोपटाचे बांबू, खाली शेरडं, मांडीवर चार महिन्यांची मोनिका. तीनशे किलोमीटरला बावीस तास. तवा माझे गुडघे कुनी इचारले न्हाईत."

त्या ट्रॉलीत आदिनाथही होता, सहा वर्षांचा. मग त्यानं चुलत्याला पुढं केलं. "कानिफनाना म्हणतात, लेकीच्या दारात जाऊन बाळंतपण करणारी आई आपल्यात झाली नाही."

"नानांनी किती केलीत बाळंतपणं?"

स्वयंपाकघरात सून सविता चहा गाळत होती. तिला हसू आवरलं नाही.

"तसं नाही गं," आदिनाथचा आवाज उतरला. "वाटेत तुला काही झालं तर मी कुठं धावू?"

लंकाबाईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, पण माघार घेतली नाही. "आन् तिला काय झालं तर मी हितं डिंक निवडत बसू? पोर माहेरी येऊ शकत न्हाई. मग माहेरानं जायचं."

कमरेच्या पिशवीतून तिनं पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. कोराकरकरीत. मोनिकाला दिवस गेल्याचं कळल्याबरोबर, कुणाला न सांगता, नगरला तीन हेलपाटे घालून काढलेला.

आदिनाथनं तो दोनदा उलटापालटा केला. मग लॅपटॉप उघडून व्हिसाचा फॉर्म भरायला बसला. नाव, गाव, जन्मतारीख झाली.

"जायचं कारण विचारलंय. नातेवाइकांची भेट, असं टाकतो."

"भेटायला न्हाई चालले मी. माहेरचं पहिलं बाळंतपण हाय. तसंच लिही."

"आई, तो फॉर्म जर्मन लोक वाचणार. त्यांना काय कळणार?"

"तिथं बाया असतीलच की," लंकाबाई म्हणाली आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली, तो लिहितो का नाही ते बघायला.