उशाशी पाणी

धाकटीचा आवाज मुळात खणखणीत. तिने हाक मारली की गल्लीतली कुत्रीसुद्धा वळून बघायची. पण ताईने अंथरूण धरलं, आणि दोघींच्या खोल्यांमधली भिंत अशी पातळ, की पलीकडचं कण्हणंही ऐकू यावं. म्हणून धाकटी गिटारवर बोटं नुसती टेकवत कुजबुजल्यासारखी गायची. ‘उशाशी पाणी ठेवलंय’ हे गाणं तिने असंच पलंगावर मांडी घालून फोनवर रेकॉर्ड केलं. शेवटच्या कडव्यात उशी रिकामी होते. ते तिने भीतीपोटी लिहिलं होतं. लोकांनी ते गाणं डोक्यावर घेतलं.

ताई बरी झाली. चष्म्याच्या दुकानात पुन्हा कामाला लागली, अंगानेही भरली. धाकटीने मोकळ्या गळ्याची नवी गाणी केली.

“छान आहेत,” तिचे कार्यक्रम ठरवणारा मॅनेजर म्हणाला, “पण लोक तुझ्याकडे रडायला येतात गं.”

एका कार्यक्रमाला ताई पहिल्यांदाच आली. मागच्या रांगेत बसली. ते गाणं सुरू झालं तशी शेजारच्या बाईंनी डोळे टिपले. “हिची सख्खी बहीण हो. गेली बिचारी.”

“कधी?” ताईने विचारलं.

मध्यंतरात ताई रंगमंचामागे धाकटीकडे आली. “मेले म्हणे मी! वर मलाच रुमाल दिला बाईंनी.” हसता हसता तिचा चेहरा उतरला. “ते दिवस मी गाडून टाकलेत गं. तू रोज उकरतेस. पुरे कर ना आता.”

“मला काय हौस आहे? दुसरं काही ऐकतच नाहीत ते.”

“सांगून तरी बघ.”

मध्यंतर संपलं तशी धाकटी माइकसमोर उभी राहिली. “माझी ताई ठणठणीत आहे. ती बघा, मागे बसलीय.”

माना वळल्या, टाळ्यांचा कडकडाट झाला. सुटले एकदाची, असं वाटून तिने गळा मोकळा सोडून नवं गाणं धरलं. पहिल्याच कडव्याला खुर्च्या कुरकुरू लागल्या. कोणीतरी ओरडलं, “‘उशाशी पाणी’ पुन्हा!” मग सगळेच ओरडले.

ताई उठली आणि दार अलगद ओढून घेत बाहेर पडली. धाकटी तेच गाणं पुन्हा गायली. आवाज आपसूक खाली गेला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. “ती जिवंत आहे वगैरे नको हं सांगूस. सगळा माहोल जातो.”

“बरं,” ती म्हणाली.

पुढच्या कार्यक्रमाची तिकिटं संपलीच होती. ताईला तिने बोलावलं नाही, आणि ताईनेही विषय काढला नाही.