बाटलीतलं आणि टाकीतलं

सकाळी परसातल्या विहिरीचं पाणी शेंदायचं, गाळायचं, घागरी भरून ठेवायच्या, हे काम आक्काचं. विधवा बहिणीला भावाच्या घरात काम कधी कमी पडत नाही, मान तेवढा कमी पडतो. त्या सकाळी तिच्या भावानं, शिंप्यानं, पहिला घोट घेतला आणि तसाच अंगणात थुंकला.

"अगं आक्का, हे पाणी आहे की काय? पेट्रोलचा वास मारतोय नुसता!"

शिंप्याच्या बायकोनं घागर हुंगली आणि नणंदेच्या हातांकडे पाहिलं. झालं! निकाल तिथंच लागला.

कारण असं, की कापडावर मशीनच्या तेलाचा डाग पडला तर आक्का तो पेट्रोलनं काढायची. मशीनशेजारच्या फळीवर तिची लहानशी बाटली असायची. फडक्याचं टोक भिजवायचं, डाग टिपायचा, बूच घट्ट लावायचं. थेंब वाया घालवील तर शपथ! पण संशयाला थेंबही पुरतो.

"वन्सं, उरलेलं परसात ओतलंत ना? खरं सांगा."

"अगं, उरलं तर ओतीन ना!"

"मग पाण्याला काय आपोआप वास सुटला?"

त्या दिवसापासून आक्काला घागरीला हात लावू देईनात. ती स्वयंपाकघरात आली की भावजय भांडी झाकू लागली. शिंप्यानं बाटली कपाटात ठेवली आणि किल्ली स्वतःच्या खिशात. शेवटी आक्कालाच स्वतःचा संशय येऊ लागला. कधी हातून कलंडली तर नसेल? चार जणांनी गाढव म्हटलं की माणूस आपले कान चाचपून बघतो.

आता परसाच्या भिंतीपलीकडे काय होतं, तर पेट्रोलपंप. जमिनीखाली त्याच्या जुन्यापुराण्या टाक्या. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचा उच्चार कुणीच करत नव्हतं, कारण पंपवाला व्याही. शिंप्याची मुलगी त्याच्या घरात नांदत होती. मुलीच्या सासरकडे बोट दाखवायचं नाही, दाखवलं तर मुलगी माघारी येते, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची भीती. म्हणून बोट वळलं ते जिला जायला दुसरं घरच नव्हतं तिच्याकडे. किती सोयीचं, नाही का?

शेजाऱ्यांच्या विहिरीही नासल्या, तक्रार गेली आणि पाणीखात्याच्या तपासनीस बाई आल्या.

"पाण्यात पेट्रोल आहे, यात वाद नाही," त्या म्हणाल्या. "कुठून आलं ते माती सांगेल. वरून ओतलं असेल तर वरच्याच मातीला वास येईल. जमिनीखालून झिरपलं असेल तर वरची माती स्वच्छ आणि खालची नासलेली निघेल. परसात एक खड्डा घेऊ द्या."

शिंपी हो म्हणणार, तोच व्याही दारात हजर! त्याला इतक्या लवकर कुणी कळवलं, देव जाणे.

"कशाला उकरता, बाई? आमच्या टाक्या ठणठणीत आहेत. यांची बहीण पेट्रोलनं डाग काढते, आख्ख्या गल्लीला माहीत आहे. वयानं हात थरथरतो, सांडलं असेल." मग शिंप्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "पोरगी सुखात आहे हो आमच्याकडे. सुखातच राहू दे."

शिंप्याला त्यातली धमकी बरोबर उमगली. मान खाली घालून तो बहिणीला म्हणाला, "आक्का, म्हण ना सांडलं म्हणून. तुला कोण काय करणार आहे? विषय संपेल."

भावजय पाण्याचा पेला घेऊन आली होती. व्याह्यानं तो हातानंच दूर सारला.

"शेजारच्या नळाचं आहे, व्याहीबुवा," ती म्हणाली आणि बोलता बोलता थबकली. "मागच्या महिन्यात आलात तेव्हाही तुम्ही पेला तसाच ठेवलात. तेव्हा तर पाण्याला वास नव्हता. मग का नाही प्यालात?"

व्याही हसायला गेला, पण ते काही जमलं नाही. "बायकांना आवरा," तो शिंप्यावर खेकसला. "घराचे मालक तुम्ही. सांगा यांना, परवानगी नाही."

शिंप्यानं तोंड उघडलं. पण बोलली आक्का.

"मालक तो एकटा नाही. घर आमच्या वडिलांचं आहे. निम्मा वाटा माझा."

शिंपी बघतच राहिला. इतक्या वर्षांत हा शब्द तिच्या तोंडून आला नव्हता.

"खोली नको, भिंत नको. हातभर जमीन मागतेय. बाई, खोदा तुम्ही."

"आणि वरच्याच मातीला वास आला तर, आक्का?" शिंप्यानं विचारलं.

"तर माझी पिशवी उचलून चालती होईन. पण न बघता गुन्हेगार ठरायची नाही मी."

खड्डा घेतला. वरची माती शिंप्यानं हुंगली, भावजयीनं हुंगली. साधी ओलसर माती. आणखी खाली गेल्यावर काळपट चिखल वर आला आणि सगळ्यांचे डोळे झोंबले. भावजयीनं पदर तोंडाला लावला आणि ती रडू लागली. "वन्सं, चुकलं हो माझं."

शिंपी हात पुसत उठला. "व्याहीबुवा, टाक्या उघडून दाखवा."

"आणि पोरगी?" व्याह्यानं शांतपणे विचारलं. "तिला धाडून देऊ का परत?"

शिंप्याचा चेहरा पांढराफटक पडला. आक्का मात्र दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"पाठवा. निम्मं घर माझं आहे. ती माझ्याकडे राहील."