वळणावरची टोपली

"दीदी, एवढाले दंड बघून स्थळं पळून नाही जात?"

तेजस्विनीनं विचारलं, आणि शब्द तोंडाबाहेर पडल्यावर तिला कळलं, की आपण खरंच विचारून बसलो. मागे निलगिरीच्या बुंध्याआड मीना आणि ललिता तोंडात ओढणी कोंबून हसत होत्या. पैज त्यांचीच. "वक्तृत्वात तालुक्यात पहिली आल्यापासून लयच तोंड सुटलंय ना तुझं? मग जा, विचार त्या बोटवालीला. विचारलंस तर दिवाळीचा अख्खा गृहपाठ आम्ही लिहून देतो."

बोटवाली म्हणजे आशा. भारताच्या महिला राफ्टिंग संघाची कप्तान. खांद्यावर दोन वल्ही टाकून ती धरणावरच्या विश्रामगृहाकडे चालली होती. ती थांबली. तिनं आधी आपल्या दंडाकडे पाहिलं, मग तेजस्विनीकडे. उत्तराखंडची मुलगी, पण महिनाभर इथे सराव करून बाजारहाटापुरती मराठी शिकली होती.

"पळतात ना," ती म्हणाली. "नदीकडे पळाले तर मग मीच बाहेर काढते. नाव काय तुझं? पोहता येतं?"

"तेजस्विनी पुंजा लिलके. नववी अ. आणि पोहता येतं म्हणजे काय, आम्ही धरणावरच राहतो!"

"शिट्टी?"

तेजस्विनीनं दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली, की विश्रामगृहाच्या पत्र्यावरची कबुतरं एकदम उडाली. गृहपाठ तर सुटलाच, वर दुसऱ्या दिवशी तिच्या गळ्यात स्वयंसेवकाचं पिवळं ओळखपत्र आणि कमरेला वॉकी-टॉकी आली. मीना आणि ललिता बघतच राहिल्या.

दोन हजार चारचा नोव्हेंबर होता. नाशिकहून त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यानं तासभर आत, करंजपाड्याच्या धरणाखाली, अकरा देशांचे संघ उतरले होते. नदी तिथे काळ्या खडकांतून तीन किलोमीटर धडपडत उतरते. पण पाणी सोडलं तरच. एरवी दिवाळीच्या सुमाराला तिच्यातून शेळ्या कोरड्या पायांनी पलीकडे जातात. चार दिवस पाणी सोडायची परवानगी मिळाली होती, आणि ते पाणी सोडणारा माणूस म्हणजे तेजस्विनीचे बाबा.

पुंजा लिलके बावीस वर्षं दरवाज्यावर होता. त्याची कामाची रीत ठरलेली. आधी सायरन, तीनदा. मग सायकलवरून खाली फरशीपर्यंत, म्हणजे नदीवरच्या बुटक्या पुलापर्यंत जायचं, नदीत कोणी धुणं धुतंय का, गुरं पाजतंय का बघायचं, "वर या रं, पानी येतंय" म्हणून ओरडायचं. मग परत वर येऊन दरवाज्याच्या चाकांच्या दात्यांना ग्रीस चोपडायचं आणि मगच बटण दाबायचं. स्पर्धेतल्या एका गोऱ्या माणसानं पहिल्या दिवशी घड्याळ दाखवून घाई केली, तर पुंजानं त्याला चहा दिला आणि सायकलवर टांग मारली.

गंमत अशी, की एवढं पाणी सोडूनही त्याला शर्यत एकही दिसली नाही. दरवाज्याच्या खोलीतून फक्त भिंत आणि फेस दिसतो. नदी पुढे डोंगराआड वळते.

"बाबा, तुमच्या पाण्यात आज सहा बोटी उलटल्या!" तेजस्विनी संध्याकाळी सांगे.

"कुणाला लागलं का?"

"नाही ओ! हेल्मेट असतं. आणि भारत चौथा आला, चौथा! तिसऱ्यापेक्षा नुसते पाच गुण कमी!"

"लागलं नाय ना? मंग झालं."

तीन दिवस ती भारताच्या केशरी बोटीमागे काठाकाठानं धावली. चपलेचा अंगठा तुटला, घसा बसला, पायाला करवंदीचे काटे ओरबाडले. सहाजणींची नावं, कोण डावीकडे बसते, कोण उजवीकडे, सारं तिला पाठ झालं. चार वर्षं त्या एकत्र वल्हवत होत्या आणि पदक अजून एकही नव्हतं. शेवटच्या दिवशीच्या लांब शर्यतीत आपल्या गटात पुढे राहिल्या, तर तिसरा नंबर पक्का. कुसाबाईनं, म्हणजे तेजस्विनीच्या आईनं, त्या सकाळी संघासाठी नागलीच्या भाकरी आणि ठेचा पाठवला. आशानं ठेचा खाल्ला आणि डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाली, "आता कोणी अडवू शकत नाही."

तेजस्विनीची जागा वळणावर होती. काम एवढंच, की पाणी वळणापर्यंत पोचलं की वॉकी-टॉकीवरून बाबांना सांगायचं. तो संच फक्त दरवाज्याच्या खोलीशीच जोडलेला. दहा वाजता पाणी पोचलं, तिनं सांगितलं. साडेदहाला पहिला गट गेला, मग दुसरा. तिचं सगळं लक्ष वरच्या अंगाला. भारत शेवटच्या गटात. सुरुवातीचा भोंगा वाजला, आणि लाउडस्पीकरवाला ओरडला, "केशरी बोट पुढे, भारत पुढे!" तिनं उडीच मारली. उडी मारताना मान वळली आणि तिला कासवखडकावर टोपली दिसली.

कासवखडक नदीच्या मधोमध. एरवी त्याच्या पायथ्याशी डोह असतो. या चार दिवसांत पाड्यावरच्या बायकांची चंगळ झाली होती, कारण संध्याकाळी दरवाजे बंद झाले की पाणी ओसरे आणि खळग्याखळग्यांत मासे अडकून राहत. सकाळी पाणी यायच्या आत बायका उतरत. इकडची रीत अशी, की डोहात उतरताना बाई चांगलं लुगडं सोडून जुनेर नेसते, लुगड्याची घडी खडकावर ठेवते आणि ती उडू नये म्हणून वर टोपली. परक्या माणसाला ती नुसती टोपली दिसेल. इथल्या लहान पोरालासुद्धा माहीत, टोपली खडकावर म्हणजे बाई पाण्यात.

आणि आता कासवखडकाच्या चारी बाजूंनी पाणी उसळत होतं. टोपलीखालून हिरव्या लुगड्याचा काठ दिसत होता. बाई दिसत नव्हती.

वॉकी-टॉकीचं बटण अंगठ्याखाली होतं. तेजस्विनीला वक्तृत्वात कुठल्याही विषयाच्या दोन्ही बाजूंनी बोलता यायचं. आताही दोन्ही बाजू आल्या. टोपली कालची असेल. कोणी विसरलं असेल. बाबांनी सायरन दिलाय, फरशीपर्यंत जाऊन आलेत. पाचच मिनिटं, पाच मिनिटांत आशादीदीची बोट इथून जाईल, मग सांगू. आणि दुसरी बाजू फार लहान होती. खडकामागे भोवरा असतो. माणूस तिथे अडकलं तर पाच मिनिटं नसतात.

तिनं बटण दाबलं.

"बाबा, वळणावरनं बोलते. कासवखडकावर टोपली हाय."

"मानूस?"

"नाय दिसत. खाली लुगडं हाय, घडी घातलेलं."

पुंजानं विचारलं, "शर्यत सुटली का?"

"सुटली. भारत पुढं हाय, बाबा."

"बरं," पुंजा म्हणाला. "बंद करतो."

त्यानं ना साहेबाला विचारलं, ना घड्याळवाल्या गोऱ्याला.

पाणी एकदम जात नाही. आधी त्याचा आवाज उतरतो. फेस पांढऱ्याचा करडा झाला, खडकांच्या काळ्या पाठी एकेक करून वर आल्या. केशरी बोट वळणावर आली ती जोरातच, दुसऱ्या दोन बोटींना चांगलं वीस हात मागे टाकून. मग खालून खर्रर्र असा आवाज झाला आणि बोट बसली. सहाजणी वल्ह्यांनी खडक ढकलत होत्या. "पुश! पुश!" आशा ओरडत होती. ढकलायला पाणीच नव्हतं. मागच्या दोन बोटीही येऊन बसल्या. तीन देश एका ओळीत, धुणं धुवायच्या दगडांवर ठेवल्यासारखे.

तेजस्विनी गुडघाभर पाण्यातून कासवखडकाकडे धावली. खडकामागे पाहिलं, भोवऱ्याच्या जागी पाहिलं, हातानं चाचपलं. कोणी नव्हतं.

"अगं ए, माझी टोपली ऱ्हायली तिथं!"

करवंदीच्या जाळीतून काठी टेकत धोंडाबाई येत होती. पाड्यावरची म्हातारी, सगळ्यांची आजी.

"आजी, तू... तू पाण्यात नव्हतीस?"

"पान्यात कशाला मरू? धरनाचा भोंगा झाला न निघाले. तुझा बा सायकलवरनं वरडून गेला ना, वर ये म्हून. गुडघा धरला माझा, मंग टोपली कुठं उचलती? ऱ्हाऊ दे म्हनलं." तिनं टोपलीत डोकावून पाहिलं. चार खेकडे आणि ओंजळभर मुऱ्या, बोटाएवढे मासे. लुगडंही कोरडं. "पानी बंद केलं व्हय? लय बरं झालं बाई."

पाण्याची परवानगी त्या दिवसापुरतीच होती. फेरशर्यत होणार नव्हती. लांब शर्यतच रद्द धरून आधीच्या तीन दिवसांचे गुण मोजले गेले. भारत चौथा.

आशा बोट ओढत काठाला आली. तिच्या संघातली एक मुलगी वल्हं खडकावर आपटत होती, आपटतच होती. आशानं हेल्मेट काढलं आणि तेजस्विनीला विचारलं, "पाणी का गेलं?"

तालुक्यात पहिल्या आलेल्या मुलीला दोनच शब्द सुचले.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"चार साल," आशा म्हणाली. तिच्याशी नाही, नुसतंच. मग ती बोटीचं दुसरं टोक उचलायला गेली. दुपारी संघाची बस निघाली तेव्हा तेजस्विनी निलगिरीआड उभी होती. तिनं हात केला नाही.

दोन दिवसांनी मीना आणि ललिता घरी आल्या. मीनाच्या हातात नाशिकचं वर्तमानपत्र होतं. 'दरवाजाचालकाच्या निष्काळजीपणामुळे भारताचे पदक हुकले.' खाली बातमीत पुंजाचं नाव नव्हतं, पण धरणावर दरवाजाचालक एकच होता.

"आम्ही नाही म्हणत हं," ललिता चाचरत म्हणाली, "पण सातपूरला माझा मामा आहे ना, त्याच्या कारखान्यात सगळे म्हणत होते, की माणूस प्यायलेला असणार."

"बाबा पीत नाहीत."

"ते आम्हाला माहितीये गं. लोकांना कुठे माहितीये?"

मीना तिच्याकडे बघत राहिली. "तू तर वळणावर होतीस. झालं काय नेमकं?"

"मला कुठे दिसतं तिथून?" तेजस्विनी म्हणाली. हे खोटं दुसऱ्यांदा.

त्याच संध्याकाळी ऑफिसचा कागद आला. हुकमाशिवाय दरवाजा का बंद केला, याचा खुलासा दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत नाशिकला समक्ष हजर राहून द्यावा. कागद घेऊन आलेले साहेब खाटेवर बसले. माणूस वाईट नव्हता. कुसाबाईनं दिलेला चहा पीत म्हणाले, "पुंजा, डोकं चालव. लिही, मोटरचा ब्रेक सुटला आणि दरवाजा आपोआप खाली आला. मशीन जुनंच आहे. मीही तसंच सांगतो. कोणाचंच काही जात नाही. तू जर लिहिलंस की एका टोपलीपायी बंद केला, तर हसतील रे तुला. वर निलंबन."

ते गेल्यावर पुंजानं कोरा कागद मांडीवर घेतला.

"लिहून टाका की," कुसाबाई म्हणाली. "सायेब सोता सांगतोय. सहा वर्सं ऱ्हायली नोकरीची."

"ब्रेक सुटला म्हून लिहू?" पुंजा म्हणाला. "बावीस वर्सांत माझा ब्रेक सुटला नाय. रोज हातानं पुसतो मी त्याला."

"मंग काय लिहिनार?"

"मला टोपली दिसली, मी बंद केला. एवढंच."

"तुमाला दरवाज्यावरनं वळण दिसतं का? शेंबडं पोर बी सांगंल, खोटं हाय म्हून."

"त्ये बघू," पुंजा म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोडला. तेजस्विनीकडे त्यानं पाहिलं नाही. त्या दिवसापासून त्यानं तिला त्या टोपलीबद्दल अवाक्षर विचारलं नव्हतं. तू नीट पाहिलंस का, असंसुद्धा नाही.

तेजस्विनी चुलीपाशी बसून ऐकत होती. उद्या हे कळलं, की मीना, ललिता, सगळी नववी अ मागे लागेल. 'टोपलीवाली' म्हणतील. शाळेच्या गेटपासून वर्गापर्यंत म्हणतील. गॅदरिंगला स्टेजवर उभी राहिली की मागून कोणीतरी ओरडेलच. तिनं डोळे मिटून ते ऐकून पाहिलं. ऐकवेना. मग डोळे उघडले तर समोर बाबा, घास चावताहेत, कागद मांडीवर.

ती उठली आणि तिनं तो कागद त्याच्या मांडीवरून उचलला.

"बाबा, हे मी लिहिणार. टोपली मी पाहिली, तुम्हाला मी कळवलं, आणि त्याखाली सही माझी. उद्या मी शाळेत जाणार नाही. सकाळच्या एसटीनं तुमच्याबरोबर नाशिकला येणार आणि साहेबांसमोर मीच बोलणार."

"ए बाय, गप," कुसाबाई म्हणाली. "लोक पोरीला नावं ठेवतील."

"ठेवू देत. मीनाला मी आजच जाऊन सांगते, म्हणजे उद्यापर्यंत सगळ्यांना कळेल. आणि आशादीदीला पत्र टाकणार. विश्रामगृहाच्या वहीत पत्ता आहे तिचा. माहीत नाही असं मी म्हणाले, ते खोटं होतं, असं लिहिणार."

पुंजानं ताटली बाजूला सरकवली, आणि तिला कागद ठेवून लिहायला तेवढी जमीन तळहातानं पुसली.