हळद की भेग?

मित्रांनो, मी हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समधला एक जुना गिअर आहे, आणि तपासण्यांना पुरता विटलो आहे. घडताना भट्टीत तापलो, तेलात बुडालो, त्याचं काही वाटलं नाही. पुढे कितीतरी वर्षं इंजिनाचा जोर पंख्यापर्यंत पोचवला. वाळवंटातल्या गावांतून आजारी माणसं आम्ही जयपूरला आणली. उतरल्यावर वैमानिक कीर्ती गिअरबॉक्सवर कौतुकाने थाप मारायची.

पण उड्डाणाचे ठरलेले तास भरले, की माझी रवानगी जयपूरच्याच विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे साताऱ्याचे उत्तमराव, लष्करातून निवृत्त झालेले कारागीर. ते मला धुवायचे, चमकणाऱ्या रसायनात बुडवायचे, पुसायचे आणि काळ्या पडद्याआड जांभळ्या दिव्याखाली न्याहाळायचे. फिरून फिरून धातू थकतो आणि त्याला बारीक भेग पडते. रसायन त्या भेगेत शिरून चमकतं. माझ्यात कधीच काही चमकलं नाही, तरी दर खेपेला पहिले पाढे पंचावन्न! सज्जन माणसाची रोज झडती घेतली तर तो चिडणार नाही का?

यंदा तर कहर झाला. दसऱ्याला मी शेडमध्येच होतो. उत्तमरावांनी हत्यारांबरोबर मलाही ओवाळलं आणि दातांवर हळदीची बोटं ओढली. हळदसुद्धा त्या दिव्याखाली पिवळी चमकते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी जागोजागी लखलखलो. त्यांचा सहकारी गोपीनाथ पोट धरून हसला, उत्तमराव मात्र ओशाळले.

त्यांनी मला परत धुतलं. बाकीचे डाग गेले, पण एका दाताच्या बुडाशी केसाएवढी रेघ उरली. बाहेर कीर्ती ताटकळत बसली होती. तीन दिवसांनी तिला एका हृदयरोग्याला आणायला जायचं होतं.

"मतलब, हळदच आहे ती, उत्तमरावजी," गोपीनाथ कंटाळून म्हणाला. "आणखी किती धुणार?"

मलाही अगदी हेच म्हणायचं होतं.

"हळद म्या लावलीया," उत्तमराव म्हणाले. "दाताच्या बुडाला माझं बोट शिरतच न्हाई."

त्यांनी तिसऱ्यांदा सगळं पहिल्यापासून केलं. मी मनातल्या मनात त्यांच्या नावाने बोटं मोडत होतो. दिवा लागला. रेघ तिथेच होती.

त्यांनी माझ्यावर लाल रंगाचा पट्टा ओढला. मी बाद झालो. उशीर झाला म्हणून धुसफुसत आलेल्या कीर्तीने त्या जागेवरून नख फिरवलं, पण नखाला काहीच लागलं नाही.

"हा दात हवेत तुटला असता तर?" तिने विचारलं.

 मग ती तिथल्या स्टुलावर बसली आणि तिने फोन काढला. त्या रुग्णासाठी दुसरं हेलिकॉप्टर मागवण्यात आलं.

मित्रांनो, आता मी कधीच उडणार नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. पण एक विनंती ऐका. पुन्हा पुन्हा तपासणाऱ्या माणसावर चिडू नका, त्याला घाई करू नका. त्या दिवशी शेडमध्ये सगळ्यात जास्त मीच चिडलो होतो, आणि भेग माझ्याच अंगात होती.