उत्तमची शेवटची आखणी

उत्तम पेंटरने लष्कराच्या भाकऱ्या भाजायला घेतल्या, तेव्हा सौंसरातले लोक हसले. फ्लेक्सने पाट्यांचा धंदा गिळून टाकलेला आणि हा गडी कलाकारांसाठी केंद्र काढायला निघाला! पेंटर, मूर्तिकार, शाळेतल्या चित्रकलेच्या अर्चनाबाई, सगळ्यांनी एका छपराखाली काम करावं, जागेचं भाडं कुणाला पडू नये, एवढंच त्याचं म्हणणं. चार वर्षं चपला झिजवून त्याने संस्था नोंदवली, कापसाच्या बंद जिनिंगचं गोदाम मिळवलं आणि समोरच्या भिंतीवर कोळशाने मोठं चित्र आखलं. संत्री निवडणाऱ्या बाया. आठवड्याने त्याच्या छातीत कळ आली आणि पांढुर्ण्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं.

उद्घाटन ठरलं. उत्तमची बायको प्रमिला घराबाहेर पडत नव्हती, पण भिंत बघायला येईन, असं तिने गुणवंताला सांगितलं. जामसांवलीच्या फाट्यापासून लोधीखेड्यापर्यंत उत्तमच्या हातची एक पाटी उरली नव्हती. घरात त्याने रेघ मारलेला कागदाचा चिटोराही नव्हता.

गुणवंता म्हणजे उत्तमचा तीस वर्षांपासूनचा जोडीदार. दोघांचा शिरस्ता ठरलेला, आखणी उत्तमची, रंग गुणवंताचा. मित्राचं शेवटचं काम अर्धवट राहावं, हे त्याच्या जिवाला पटेना. भारीतला ऑइलपेंट आणून तो नऊ दिवस शिडीवर राहिला. रडत रडत रंगवलं आणि खरं सांगायचं तर इतकं चांगलं त्याने उभ्या जन्मात रंगवलं नव्हतं.

उद्घाटनाला प्रमिला आली. लोक बाजूला झाले. या टोकापासून त्या टोकापर्यंत ती भिंतीला नाक लावून काहीतरी शोधत राहिली. गुणवंता शाबासकीच्या आशेने तिच्या तोंडाकडे बघत उभा, वेडा.

"रंग बढिया भरला तुमी, भाऊजी," ती म्हणाली. "पन त्यायची रेघ कुठी हाये?"

तीस वर्षं गुणवंताने हेच केलं होतं. उत्तमची रेघ रंगाखाली घालायची. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, कारण उद्या उत्तम नवी मारणारच असायचा.

"खाली हाये, वहिनी."

"काढता येते का?"

खोटं बोलावं, असं त्याला फार वाटलं.

"नाई," तो म्हणाला.

तिने मान हलवली. भाषणं सुरू व्हायच्या आधीच ती घरी निघाली आणि तिला थांबा म्हणायची गुणवंताची छाती झाली नाही.